बाकावरची सात पोरं

बास्केटबॉलच्या संघात बारा पोरं असतात. मैदानात पाच, बाकावर सात. पाच पोरांबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत, पेपरात फोटो त्यांचाच येतो. मला बोलायचंय ते सात पोरांबद्दल नि त्यांना बाकावर बसवणाऱ्या माणसाबद्दल. हा माणूस माझा सर आहे. दहा वर्षांपूर्वी शिंदखेड्यात ह्याच माणसानं माझ्या हातात पहिला चेंडू दिला. तेव्हा हे लिहिताना माझा हात जड होतोय, हे आधीच सांगून टाकतो. सरांचं नाव लिहीत नाही, शाळेचंही लिहीत नाही. नाव लिहिलं की भांडण नावाशी होतं, मुद्दा बाजूला पडतो.

मी मुंबईच्या गोदीत ओझी उचलतो. ठेकेदाराचा माणूस. मॅट्रिक झालेला. रात्री कविता लिहितो. खेळाचा पंडित नाही. पण मी चेंडू खेळलोय, बाकावर बसलोय, नि आता मुकादमाच्या समोर रोज सकाळी उभा राहतो. एवढ्या भांडवलावर लिहितोय.

झालं असं, की चार दिवसांचा खाडा करून गावी गेलो होतो. शाळेचा संघ जिल्ह्याच्या स्पर्धेला धुळ्याला निघालेला. माझा भाचा त्या बारात. मीही येष्टीत बसलो. उपांत्य सामना. अकरा गुणांनी हरलो. हरणं काही नवं नाही, आपण पिढ्यानपिढ्या हरतोय. पण येताना भाचा खिडकीकडं तोंड करून बसला, नि नरडाणा मागं पडल्यावर हळूच म्हणाला, ‘मामा, माले एक मिनिट बी खेळू दिधं नही.’ चाळीस मिनिटांत त्या पोराच्या बुटाला मैदानाची धूळ लागली नव्हती. ते बूट त्याच्या आईनं कापूस वेचून घेतलेले.

रात्री समाजमंदिराच्या ओट्यावर पंचायत बसली. दोन पार्ट्या पडल्या. एक पार्टी म्हणाली, ‘सर आपला शेतस, त्यासले कोनी काही बोलानं नही.’ कारण सर आपल्यातले. बापानं सालदारकी केली, पोराला शिकवलं, पोरगा खेळाचा मास्तर झाला. आपला एक माणूस वर गेला तर त्याच्या तंगड्या ओढू नका, असं म्हाताऱ्यांचं म्हणणं. दुसरी पार्टी तरण्यांची. ती म्हणाली, सर विकला गेला, संस्थावाल्यांचा चमचा झाला, हाकला त्याला.

दोस्तहो, माझ्या मते दोन्ही पार्ट्या चुकतात. पहिली पार्टी सरांना देव करते, दुसरी गद्दार. दोघांनाही हिशेब करायचा नाही. देवाचा हिशेब कोणी करत नाही नि गद्दाराचा करायची गरज वाटत नाही. पण माणसाचा हिशेब करावा लागतो. जमेच्या बाजूला काय, खर्चाच्या बाजूला काय, बाकी किती. आपल्या चळवळीला ही सवय कधी लागलीच नाही. म्हणून आधी आपण माणसं डोक्यावर घेतो, नि मग आपटतो.

आता मोजायचं कशानं? अकरा गुणांनी हरलो ह्यानं नाही. पैसे घेऊन खेळणाऱ्या मोठ्या माणसांचा संघ असेल तर हारजीत मोजा, हरकत नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांच्या संघाचा सर मोजायचा तर चार सवाल विचारा. जूनमध्ये पोराला जे येत नव्हतं ते दिवाळीपर्यंत आलं का? किती पोरं आली, किती टिकली? चेंडू कोणाच्या हातात असतो? नि मैदान सुटल्यावर त्या पोराच्या आयुष्याचं काय? ह्या चार सवालांत सगळा सर येतो.

आधी जमा. जमा प्रामाणिकपणे लिहिली नाही तर खर्च मांडायचा अधिकार नाही.

सर आले तेव्हा शाळेच्या मागं बाभळी होत्या नि उकिरडा होता. सरांनी पोरं घेऊन ती जागा साफ केली. मुरूम टाकला, पाणी मारलं, दगडी रूळ फिरवला. दोन लोखंडी खांब कुठल्याशा भंगारातून आणले, गावातल्या वेल्डिंगवाल्याकडनं रिंगा करून घेतल्या. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर पाहिजे, म्हणून टेप घेऊन स्वतः शिडीवर चढले. मुरमाचं मैदान, पण माप आंतरराष्ट्रीय : २८ मीटर लांब, १५ मीटर रुंद. सर म्हणायचे, आपल्याला गरिबीची सवलत नको, माप तेच पाहिजे. हे वाक्य मी अजून विसरलो नाही.

पहाटे साडेपाचला मैदान. महिनाभर चेंडू रिंगेत टाकू दिला नाही. थांबायचं कसं, वळायचं कसं, पाय कुठला रोवायचा, छातीतून पास कसा द्यायचा. आम्ही वैतागलो. पुढं मला वाचायला मिळालं, की अमेरिकेतला जॉन वुडन नावाचा प्रशिक्षक पहिल्या दिवशी पोरांना मोजे कसे घालायचे नि बुटाची नाडी कशी बांधायची हे शिकवायचा. मोज्याला घडी पडली की फोड येतो, फोड आला की पोरगं बसतं. ह्या माणसाच्या विद्यापीठानं, यूसीएलएनं, १९६४ ते १९७५ ह्या काळात दहा वेळा राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. म्हंजे पायापासून सुरुवात करणं हे खुळ्याचं काम नव्हतं. आमच्या सरांना वुडन माहीत होता का, मला माहीत नाही. पण त्यांना पाया माहीत होता.

पुढं. मैदानावर माठ एकच. बारा पोरं बारा घरांतली, ग्लास एकच. कोणाच्या तरी आईनं स्वतंत्र बाटली पाठवली, सरांनी ती परत पाठवली. ही साधी गोष्ट नाही. पळवणकर बाळू हा आपल्यातला, चांभाराच्या घरातला, त्या काळातला देशातला पहिल्या दर्जाचा गोलंदाज. पुण्याच्या मैदानात त्याचा चेंडू सगळ्यांना चालायचा, पण चहा त्याला पॅव्हेलियनच्या बाहेर वेगळ्या भांड्यात मिळायचा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. गावोगावचे माठ मोजा म्हंजे कळेल. आमच्या सरांनी एक माठ ठेवला, ही जमा मोठ्या अक्षरात लिहा.

आणखी. कापसाच्या दिवसात पोरं वेचायला जायची, सरावाला यायची नाहीत. सर घरोघर जायचे. बापाशी भांडायचे नाहीत, खाटेवर बसून चहा प्यायचे नि म्हणायचे, दुपारनंतर न्या, पहाट माझी. तंबाखूची पुडी खिशात सापडली तर मारायचे नाहीत, मैदानाला दहा चकरा मारायला लावायचे नि अकरावी चकर स्वतः बरोबर मारायचे. पैसा कधी घेतला नाही.

असा माणूस एखाद्या वस्तीत काय करू शकतो, हे मुंबईत नागपाड्याला जाऊन बघा. गोदीतून पाळी सुटली की मी कधी कधी तिकडं चालत जातो. ज्या गल्ल्यांतून १९७२ साली ‘गोलपिठा’ आला, त्याच भागातलं हे मैदान. अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्टनं १९२० च्या दशकात तिथं नेबरहूड हाऊस काढलं. पुढं १९३६ साली त्याच्याच खटपटीतून टाटांची समाजकार्याची शाळा निघाली, ती आजची टिस. ह्या नागपाड्यात बास्केटबॉल रुजला तो बच्चू खान नावाच्या माणसामुळं. गरीब मुसलमान वस्तीतली, दाटीवाटीच्या खोल्यांतली पोरं त्यानं वर्षानुवर्षं फुकट घडवली. अब्बास मुन्तसिर त्याच मातीतला. भारताचा कर्णधार झाला, १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवला. आज तिथल्या महापालिकेच्या मैदानाला बच्चू खानचं नाव आहे. मंत्र्याचं नाही, शेठचं नाही, मैदानात घाम गाळलेल्या माणसाचं. एक सर, एक चेंडू, नि एक मोहल्ला एवढ्यातनं देशाचा कर्णधार निघतो. म्हणून म्हणतो, सर हाकला म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

आता खर्च.

पहिला खर्च मिनिटांचा. सामना चाळीस मिनिटांचा : दहा-दहा मिनिटांचे चार भाग. एका वेळी पाच पोरं. म्हंजे एका संघाच्या वाट्याला दोनशे मिनिटं येतात. हे दोनशे मिनिटांचं धान्य आहे, नि सर त्याचा वाटपवाला. बारा जणांना सारखं वाटलं तर प्रत्येकाला सोळा मिनिटं नि वर चाळीस सेकंद. एवढं सारखं कोणी वाटत नाही, मीही म्हणत नाही. पण धुळ्याच्या त्या सामन्यात मी वहीत टिपत बसलो होतो. पाच पोरांनी मिळून १७६ मिनिटं खाल्ली. तिघांना मिळून २४. उरलेल्या चौघांना शून्य. शेवटच्या भागात पाचही पोरं धापा टाकत होती, हात गुडघ्यावर ठेवून उभी होती. समोरचा संघ ताजी पोरं उतरवत होता. अकरा गुण तिथं गेले. म्हंजे अन्याय तर झालाच, वर सामनाही गेला. बाकावरचं ताजं पोरगं बाकावर सडलं नि मैदानातलं पोरगं मैदानात मेलं. ह्याला शहाणपण म्हणत नाहीत.

मी गोदीतला माणूस, मला हे लगेच दिसतं. जुने कामगार सांगतात, पूर्वी मुंबईच्या गोदीत टोळीवाल्याचं राज्य होतं. सकाळी दारात गर्दी. टोळीवाला बोट दाखवेल त्याला काम. त्याच्या गावचा, त्याच्या जातीचा, त्याला चिरीमिरी देणारा आत. बाकीचे परत. १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगाराचा कायदा झाला, पुढं डॉक लेबर बोर्ड आलं, कामगारांची नोंदणी झाली नि काम पाळीपाळीनं मिळायला लागलं. ज्याची पाळी त्याचं काम. टोळीवाल्याचं बोट तुटलं. त्यासाठी माणसं लढली होती. आज ते बोर्ड राहिलं नाही, मी ठेकेदाराच्या बोटाकडं बघत उभा असतो, ती गोष्ट वेगळी. पण मैदानावरचा सर पोरांकडं बघून बोट दाखवतो, तेव्हा मला टोळीवाला दिसतो. सरांनी बोट खिशात घालून पाळीचा कागद भिंतीवर लावावा, एवढंच मागणं आहे. पोरगं बाकावर बसेल, पण त्याला माहीत पाहिजे की माझी पाळी कधी, नि नाही तर का नाही.

हा खेळ काढणारा जेम्स नायस्मिथही व्यायामाचा मास्तरच होता. १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्डला त्याच्या वर्गात अठरा पोरं होती. त्यानं नऊ-नऊचे दोन संघ केले, दोन बाजूंना फळांच्या टोपल्या टांगल्या नि खेळ चालू केला. अठरा पोरं, अठराही मैदानात. पहिल्या सामन्यात बाकच नव्हतं. बाक नंतर आलं.

दुसरा खर्च जास्त खोल आहे. इथं मला जपून लिहायचंय.

तरणी पार्टी म्हणाली की सर आपल्या पोरांना बाकावर बसवतात. मी मोजलं. बारात सात पोरं आपल्या वाड्यातली नि भिलाटीतली. पाच खेळले त्यांत तीन आपले. शून्यवाल्या चौघांत दोन आपले, दोन दुसऱ्यांचे. म्हंजे बाकावर जात नाही. खोटं कशाला बोला. पण मैदानात कोण कुठं उभा आहे ते बघा. आपली तीनही पोरं रिंगखाली. उड्या मारायच्या, धक्के खायचे, आलेला चेंडू ओढायचा, नि ओढला की द्यायचा. कोणाला? दोन गार्डांना. गार्ड चेंडू घेऊन येतो, मैदान वाचतो, बोट वर करून डाव सांगतो. ते दोघे मोठ्या घरांतले, एक तर संचालकाचा पुतण्या. आपली पोरं अंग, ती पोरं डोकं. बाकावर जात नव्हती, ती जागेत होती.

मी सरांना तोंडावर विचारलं. सर म्हणाले, ‘अरे, आपली पोरं काटक असतात. धक्का सोसतात. रिंगखाली आपल्यासारखं कोणी झुंजत नाही.’ सर कौतुकानं म्हणाले. माझ्या पोटात मात्र खड्डा पडला. कारण दहा वर्षांपूर्वी मलाही हेच सांगितलं होतं. मी तेव्हा छाती फुगवली होती. तीन वर्षं खेळलो, मला डाव्या हातानं चेंडू चालवता आला नाही, कारण चालवायची वेळच आली नाही. ओढ नि दे. ओढ नि दे. आज गोदीत काय करतो? तेच. काटक आहे म्हणून मुकादम मला पहिल्यांदा बोलावतो. च्यायला, हे कौतुक आहे की शिक्षा?

‘तुमची माणसं अंगानं दणकट’ हे वाक्य कोणाचं आहे हो? हे आपलं वाक्य नाही. हे ज्यांनी आपल्याकडनं ओझी उचलून घेतली, मेलेली ढोरं ओढून घेतली, त्यांचं वाक्य आहे. ते सरांच्या तोंडात कधी जाऊन बसलं, सरांनाही कळलं नाही. म्हणून मी सरांना विकला गेलेला म्हणत नाही. विकला गेलेला माणूस किंमत घेतो. सरांनी किंमत घेतली नाही, फक्त वाक्य घेतलं.

अमेरिकेत काळ्यांचं हेच झालं. १९७० साली जॉन लॉय नि जोसेफ मॅकएल्व्होग ह्या दोन अभ्यासकांनी तिथल्या बेसबॉल नि अमेरिकन फुटबॉलच्या संघांची तपासणी केली. मधल्या जागा, जिथं ठरवायचं असतं, तिथं गोरे. कडेच्या जागा, जिथं धावायचं नि पळायचं असतं, तिथं काळे. ह्या प्रकाराला तिकडं स्टॅकिंग म्हणतात. आमच्या गोदीच्या भाषेत सांगायचं तर थप्पी लावणं. एका जातीची गोणी एका थप्पीला. माल वेगवेगळा असतो, पण गोणीचा रंग बघून थप्पी लागते.

ही थप्पी एका प्रशिक्षकानं मोडली, त्याची गोष्ट सांगतो. १९ मार्च १९६६. अमेरिकन कॉलेजांच्या बास्केटबॉलचा अंतिम सामना. एका बाजूला केंटकी, सगळा संघ गोरा, प्रशिक्षक ॲडॉल्फ रप, मोठा नावाजलेला. दुसऱ्या बाजूला टेक्सस वेस्टर्न, मेक्सिकोच्या सीमेवरच्या एल पासोचं आडबाजूचं कॉलेज. प्रशिक्षक डॉन हॅस्किन्स, स्वतः गोरा. त्या काळी समज असा, की काळे उड्या मारतील, पण पाचही काळे उतरवले तर खेळात शिस्त राहणार नाही, डोकं म्हणून निदान एक गोरा पाहिजे. हॅस्किन्सनं पाचही काळे उतरवले. नि डोक्याच्या जागेवर कोण? बॉबी जो हिल नावाचा बुटका गार्ड. त्यानं केंटकीच्या गार्डांच्या हातातला चेंडू लागोपाठ दोनदा हिसकावला नि दोन्ही वेळा टोपलीत टाकला. एकट्यानं वीस गुण केले. ७२-६५. टेक्सस वेस्टर्न जिंकलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात ओकलंडला ब्लॅक पँथर पार्टी निघाली, जिच्या नावावरनं १९७२ साली आपण आपलं नाव घेतलं. आपण त्यांचं नाव घेतलं, घोषणा घेतल्या. बॉबी जो हिलची जागा घ्यायची राहिली.

पण थांबा. हॅस्किन्सलाही देव करू नका. त्याचाही हिशेब लिहा. त्या रात्री त्यानं बारातले सातच खेळवले. अंतिम सामना होता, पोरं कॉलेजची होती, चालेल. खरी गोष्ट पुढची. दोन वर्षांनी, १९६८ साली, तिथल्या एका मोठ्या खेळाच्या साप्ताहिकानं काळ्या खेळाडूंवर लेखमाला काढली. त्यात छापून आलं, की त्या विजयी पाचांपैकी एकाच्याही हातात तोवर पदवी नव्हती. पुढं काहींनी पदव्या घेतल्या, पण तेव्हा नव्हत्या. कॉलेजला करंडक मिळाला, पोरांना टाळ्या. म्हणून माझा चौथा सवाल : मैदान सुटल्यावर पोराचं काय?

इथं सरांचा तिसरा खर्च येतो. दहावीत नापास झालेली पोरंही सरांनी फक्त रिंगखालून बघितली. प्रगतीपुस्तक कधी मागितलं नाही. महाराष्ट्रात खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, हे सरांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. त्यासाठी वरच्या पातळीची कामगिरी लागते, प्रमाणपत्र लागतं, नि त्याच्या आधी संघात खेळावं लागतं. म्हंजे ती दोनशे मिनिटं नुसती खेळाची नाहीत, पोटाचीही आहेत. ज्याला शून्य मिनिटं मिळाली, त्याच्या पोटाला शून्य मिळालं.

बाकीचे खर्च भराभर सांगतो. टाइम-आउट मिनिटभराचा. त्यात सर ओरडतात, काय चुकलं ते सांगत नाहीत. ओरडून पोरगं घाबरतं, घाबरलेलं पोरगं चेंडू टाकून देतं. सामन्याआधी पोरांना पाया पडायला लावतात. कशाला? बाबासाहेबांनी पायांवरनं उठवलेली माणसं आपण. सरांना मान द्या, हातात हात द्या, पाय कशाला? नि पोरी? मैदानाच्या कुंपणाला टेकून पोरी बघत असतात. त्यांच्या हातात चेंडू नाही. पुण्याची शिरीन लिमये भारताच्या संघातून खेळली. शिंदखेड्याच्या पोरीला पास द्यायला सुद्धा कोणी तयार नाही, नि हा खर्च एकट्या सरांच्या नावावर टाकता येत नाही. तो माझ्या नि तुमच्याही नावावर आहे.

आता ह्या हिशेबात एक गोष्ट राहिली. सर कायम नाहीत. मानधनावर आहेत. दर जूनमध्ये कागद नवा. करंडक आला तर कागद येतो, नाही आला तर संस्था म्हणते बघू. संचालकाचा पुतण्या गार्ड का, हे आता कळलं? ज्याच्या मानेवर सुरी आहे तो सात पोरांना पाळी कशी देईल? तो पाच जणांवरच जुगार खेळणार. मी ठेकेदाराचा, सर संस्थेचे. दोघेही सकाळी बोटाकडं बघतो. सरांची कमजोरी अर्धी सरांची आहे, अर्धी त्या कागदाची. जो सर हाकला म्हणतो, त्यानं सांगावं, की हाकलल्यावर त्याच कागदावर जो दुसरा येईल तो वेगळं काय करील?

पण अर्धी सरांची आहे हेही खरं. वाक्य बदलायला कागद लागत नाही. माझ्या भाच्याला गटाराच्या दोन्ही बाजूंनी चेंडू चालवत नेताना मी बघितलंय. डावा हात उजव्यासारखा. मान वर. त्याला रिंगखाली उभं करून तो बुटका आहे म्हणून बाकावर बसवणं, ह्याला संचालक लागत नाही. त्याला गार्ड करून बघणं सरांच्या हातात होतं. बॉबी जो हिलही बुटकाच होता.

आपलाही खर्च लिहून टाकू. पोरं सरावाला दांड्या मारतात. हरलं की जात आठवते, जिंकलं की मिरवणूक आठवते. मैदानाला मुरूम टाकायला वर्षातून एक दिवस कोणी येत नाही. जयंतीच्या वर्गणीतनं दोन चेंडू घ्यावेत असं मी म्हणालो तर लोक हसले. २०२२ साली ‘झुंड’ आला तेव्हा सगळा वाडा येष्टी करून बघायला गेला. नागपूरच्या विजय बारसे सरांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल दिला, त्यावरनं नागराज मंजुळेनं काढलेला सिनेमा. परत येताना सगळे म्हणाले, असा एक सर पाहिजे. सर पाहिजे म्हणणारे पुष्कळ निघाले, आपण सर होऊ असं एकही म्हणाला नाही.

मग करायचं काय? मी ओट्यावर सांगितलं ते इथं लिहितो. सरांना हाकलायचं नाही. सरांना ओवाळायचंही नाही. सरांच्या समोर बसायचं नि पाच गोष्टी मागायच्या. मिनिटांची वही : प्रत्येक सामन्यात कोण किती खेळला ते लिहून भिंतीवर लावायचं. सरावात प्रत्येक पोरगं प्रत्येक जागेवर उभं राहील, डावा हात सगळ्यांचा. प्रगतीपुस्तक सरांनी बघायचं, नापास होणाऱ्याला आपल्यातल्या शिकलेल्यांनी शिकवायचं. आठवड्यातले दोन दिवस मैदान पोरींचं. नि पाचवी, जुन्या खेळाडूंतनं दोघांनी सरांचे मदतनीस व्हायचं. १९६६ सालीच बोस्टन सेल्टिक्सनं आपला खेळाडू बिल रसेल ह्याला प्रशिक्षक केलं. अमेरिकेच्या त्या मोठ्या व्यावसायिक स्पर्धेतला, एनबीएतला, तो पहिला काळा मुख्य प्रशिक्षक. खेळत खेळत शिकवलं नि १९६८, १९६९ अशी दोन विजेतेपदं काढली. म्हंजे मैदानातनं सर तयार होतो. वरनं उतरत नाही.

आणि सरांसाठी एक मागायचं, संस्थेकडं. सरांचा कागद कायम करा. सर करंडकाच्या भीतीतनं सुटले, तर सात पोरं बाकावरनं सुटतील. हे मागायला सर एकटे जाऊ शकत नाहीत, त्यांच्याबरोबर आपण जायचं. ज्याचा हिशेब मागतो त्याच्या मागं उभंही राहायचं. नुसता हिशेब मागणारा सावकार असतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी मैदानावर गेलो. सर होते. मी वही पुढं केली, मिनिटांची. सरांनी ती उभ्याउभ्या वाचली. बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, ‘तुला किती मिनिटं दिली होती रे मी?’ मी म्हणालो, ‘सर, मिनिटं भरपूर दिली. चेंडू नाही दिला.’ सर काही बोलले नाहीत. शिट्टी वाजवली, पोरं गोळा केली. त्या सकाळी भाच्याच्या हातात चेंडू होता का, असं विचाराल, तर होता. दहा मिनिटं. त्यानं दोनदा घालवला, सर दोनदा ओरडले. तिसऱ्यांदा घालवला तेव्हा सर जवळ गेले नि काय चुकलं ते सांगितलं. एवढं बघून मी गाडी पकडली. पुढचं मला माहीत नाही. एका सकाळीनं वाक्य बदलत नाही. नोव्हेंबरात परत जाणार आहे, वही घेऊन.

जाता जाता बाळूचं पुढचं. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्यानं शंभरावर बळी घेतले. पण हिंदूंच्या संघाचा कर्णधार त्याला कधी केलं नाही. चेंडू टाक, ठरवू आम्ही. त्याच्या भावाला, विठ्ठलला, १९२३ साली ती जागा मिळाली, तीही भावांनी संघातनं बाहेर पडून भांडल्यावर. बाळू पुढं १९३७ साली काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांविरुद्ध उभा राहिला नि पडला. तो खर्चही आपण त्याच्या नावावर लिहितो, नि त्याचे बळीही पुसत नाही. असा हिशेब करायला शिकलं पाहिजे.

आणि शेवटी, दोस्तहो, ही वही फक्त सरांसाठी नाही. आपल्या संघटनांत बघा. चाळीसच्या चाळीस मिनिटं स्वतः खेळणारे किती, नि वर्षानुवर्षं सतरंज्या उचलत बाकावर बसलेली पोरं किती. काटक आहेत, झेंडा धरतात, लाठी खातात, ओढतात नि देतात. डाव कोण सांगतं? शिंदखेड्याच्या सरांना विचारलं तेच तिथंही विचारा. मिनिटं मोजा. जागा मोजा. चेंडू कोणाच्या हातात आहे ते बघा.

जयभीम.